नव्या प्लेअर्स हँडबुकातले स्पेल: कात्री कुठे लागली, कुठे लागायची राहिली

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाच्या २०१४च्या नियमांत पाचव्या लेव्हलच्या ड्रूइडने (निसर्गाची जादू करणारं पात्र) कंज्युअर अ‍ॅनिमल्स हा स्पेल (मंत्र) टाकला की टेबलावर आठ लांडगे उतरायचे. पॅक टॅक्टिक्समुळे (टोळीने लढण्याच्या गुणामुळे) प्रत्येकाला अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा, आठ हल्ल्यांसाठी वीसबाजूचा फासा सोळा वेळा. लागलेल्या प्रत्येक चाव्यामागे २डी४+२ (चारबाजूचे दोन फासे अधिक २) डॅमेज, वर समोरच्याला आडवं न पडण्यासाठी डीसी (फाशाने गाठायचा आकडा) ११चा स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीवर बचावाचा फासा). एसी (हल्ला लागायला फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १५च्या शत्रूवर लांडग्याला ११ किंवा जास्त पडायला हवेत. अ‍ॅडव्हांटेज धरून ती शक्यता ७५ टक्के होते आणि आठ जण मिळून एकाच शत्रूवर राउंडला सरासरी ४२ डॅमेज काढतात. त्याच तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमधला (स्पेल टाकताना खर्च होणाऱ्या मोजक्या साठ्यातला) फायरबॉल प्रत्येक शत्रूवर सरासरी २८ काढून विझून जातो. लांडगे मात्र कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारं लक्ष) टिकलं तर तासभर राहतात. पण टेबलांना खरा त्रास ४२ या आकड्याचा नव्हता. ड्रूइडची एक टर्न संपेपर्यंत बाकीचे चौघे चहा पिऊन यायचे, हा त्रास होता.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचं नवं प्लेअर्स हँडबुक १७ सप्टेंबर २०२४ रोजी आलं. ३८४ पानं, छापील किंमत ४९.९९ डॉलर, ३९१ स्पेल. पुस्तकात क्लासेस (पात्रांचे प्रकार) आहेत, फीट्स (खास कौशल्यं) आहेत, शस्त्रांच्या मास्टरीज आहेत, पण या परीक्षणात फक्त स्पेलचं प्रकरण घेतलं आहे. दहा वर्षं टेबलांवर सगळ्यात जास्त वाद त्याच पानांवरून झाले. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशक कंपनीच्या डिझायनरांनी कात्री लावताना आधी फासे मोजले, ताकद मग. ज्या स्पेलमुळे टेबल थांबायचं ते बहुतेक सगळे बदलले. जे स्पेल एका झटक्यात, एकही फासा न टाकता लढाईचं पारडं फिरवायचे, त्यातले दोन मोठे जसेच्या तसे आहेत.

कंज्युअर कुटुंबापासून सुरुवात करू. नव्या कंज्युअर अ‍ॅनिमल्समध्ये प्राणी वेगवेगळे येत नाहीत. लार्ज आकाराचा एकच मायावी कळप येतो. त्याला एचपी (जीवाचे गुण) नाहीत, इनिशिएटिव्ह (लढाईतला क्रम) नाही. तुम्ही आपल्या टर्नमध्ये हललात की तोही ३० फुटांपर्यंत हलवता येतो. कळप ज्याच्या १० फुटांच्या आत सरकेल, किंवा जो स्वतः त्या १० फुटांत शिरेल किंवा तिथे टर्न संपवेल, त्याला डेक्स्टेरिटी सेव्ह. चुकला तर ३डी१०. कळपाच्या ५ फुटांत तुम्ही असाल तर तुम्हाला स्ट्रेंग्थ सेव्हला अ‍ॅडव्हांटेज. सोळा फाशांचं काम एका सेव्हवर आलं.

यात एक बारीक गोम आहे आणि ती पहिल्या वाचनात हमखास सुटते. एका जीवाला हा सेव्ह 'टर्नमागे एकदा' आहे, राउंडमागे (सगळ्यांच्या टर्न मिळून होणाऱ्या फेरीमागे) एकदा नाही. तुमच्या टर्नमध्ये कळप जवळ नेलात तेव्हा एकदा, आणि त्या ऑर्कने स्वतःची टर्न तिथेच संपवली तेव्हा पुन्हा. दोन्ही चुकले तर सरासरी ३३. गर्दीत कळप घुसवला तर हाच हिशेब प्रत्येक शत्रूला लागू. म्हणजे स्पेल दुबळा झाला ही ओरड खरी नाही. एका शत्रूवरचा मारा थोडा कमी झाला, गर्दीवरचा चांगलाच वाढला. गेलं ते वेगळंच: बैल आणून दरवाजा तोडणं, गरुडावर बसून दरी ओलांडणं. ज्यांना ते हवं आहे त्यांच्यासाठी पुस्तकात समन बीस्ट, समन फे असे एकच जीव, एकच स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) असलेले स्पेल दिले आहेत. नव्या ड्रूइडला तेच आधी घ्यायला सांगा.

कंज्युअर वुडलँड बीइंग्जचं जुनं दुखणं तर आणखी जुनाट. आठ पिक्सी (छोट्या पऱ्या) यायच्या आणि प्रत्येकीकडे दिवसातून एकदा पॉलिमॉर्फ (दुसऱ्या प्राण्याचं रूप देणारा स्पेल). सातव्या लेव्हलची पार्टी एका स्लॉटमध्ये जायंट एप्सची टोळी होऊन बसायची. आता तुमच्याभोवती १० फुटांचं वलय, विज्डम सेव्ह, ५डी८ फोर्स, वाचला तर निम्मं, आणि बोनस अ‍ॅक्शनने डिसएंगेज (फटका न खाता बाजूला सरणं). नीटनेटकं काम. पिक्सींचा प्रश्न मुळापासून उपटला.

त्याच कुटुंबातला कंज्युअर मायनर एलिमेंटल्स मात्र आगीतून फुफाट्यात गेला. चौथ्या लेव्हलचा स्पेल: १५ फुटांच्या वलयातल्या शत्रूला तुमचा कोणताही हल्ला लागला की २डी८ जादा. पहिल्या छपाईत प्रत्येक वरच्या स्लॉटला आणखी २डी८ मिळायचे. 'कोणताही हल्ला' या दोन शब्दांत मेख आहे. स्कॉर्चिंग रे हा एक स्पेल असला तरी त्याचा प्रत्येक किरण हा वेगळा हल्ला, आणि हे दोन्ही स्पेल विझर्डच्या यादीत आहेत.

अकराव्या लेव्हलच्या विझर्डचा हिशेब मांडू. पहिल्या टर्नला सहाव्या स्लॉटमधून एलिमेंटल्स. दुसऱ्या टर्नला पाचव्या स्लॉटमधून स्कॉर्चिंग रे, म्हणजे सहा किरण. पहिल्या छपाईप्रमाणे प्रत्येक किरणाचे २डी६ अधिक ६डी८, सरासरी ३४. सहाही लागले तर २०४. नंतरच्या शुद्धिपत्रात वाढ प्रत्येक स्लॉटला १डी८ वर आणली. आता किरणामागे २डी६ अधिक ४डी८, सरासरी २५. सहा लागले तर १५०, चार लागले तर १००. हे जास्त की ठीक? २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये स्पेल बनवण्याचं कोष्टक आहे. एका शत्रूवर सहाव्या लेव्हलला १०डी१०, पाचव्याला ८डी१०, म्हणजे सरासरी ५५ आणि ४४. दोन टर्न, दोन स्लॉट मिळून ९९. त्यामुळे शुद्धिपत्रानंतर दुसऱ्या टर्नला हिशेब बरोबर जुळतो आणि तिसऱ्या टर्नपासून विझर्ड पुढे निघतो. त्याबदल्यात तो शत्रूपासून १५ फुटांच्या आत, कॉन्सन्ट्रेशन सांभाळत उभा असतो. ज्या टेबलावर लढाया तीन राउंडांत संपतात तिथे काहीही बदलू नका. लांबणाऱ्या लढायांत 'टर्नला जास्तीत जास्त तीन हल्ल्यांना जादा डॅमेज' एवढी मर्यादा पुरते. ती एका हल्ल्यावर आणलीत तर दोन हल्ले करणाऱ्या ब्लेडसिंगरला (शस्त्राने लढणाऱ्या विझर्डला) विनाकारण फटका बसतो.

आता क्लेरिकचा (देवाच्या कृपेने जादू करणाऱ्या पात्राचा) स्पिरिट गार्डियन्स. १५ फुटांचं वलय, ३डी८, वाचला तर निम्मं, आणि वलयात शत्रूचा वेग अर्धा. जुन्या मजकुरात शत्रू आत शिरला किंवा त्याने आत टर्न सुरू केली तर डॅमेज. क्लेरिकने वलय शत्रूवर नेलं तर लगेच काही होत नसे. शत्रूच्या टर्नची वाट पाहावी लागे. नव्या मजकुरात वलय शत्रूच्या जागेत शिरलं तरी सेव्ह, आणि शत्रूने आत टर्न संपवली तरी सेव्ह. टर्नमागे एकदा. म्हणजे आधी राउंडला एकदा १३.५, आता सरळसरळ दोनदा. आधीच लोकप्रिय असलेला तिसऱ्या लेव्हलचा क्लेरिक स्पेल, तो दुपटीने वाढवला. का? कारण 'इमॅनेशन' नावाची एकच व्याख्या नियमांच्या शब्दसूचीत घातली आणि वलयवाले बहुतेक स्पेल तिच्यात बसवले. मजकूर एकसारखा झाला, वाचायला सोपा झाला, आणि या एका स्पेलला आयताच सगळा फायदा मिळाला.

इथेच दुसरं भोक आहे. वलय क्लेरिकबरोबर हलतं, आणि नियम 'क्लेरिक स्वतः चालला तर' असं म्हणत नाही. फायटरने स्वतःच्या टर्नमध्ये क्लेरिकला ग्रॅपल करून (धरून) शत्रूंवरून ओढत नेलं तर ती फायटरची टर्न, सेव्ह पुन्हा. मग मंकने नेलं. क्लेरिकची पालखी निघते आणि प्रत्येक खांदेकऱ्याच्या टर्नला ३डी८. चौघांची पार्टी असेल तर एका शत्रूवर राउंडला पाच सेव्ह काढणं नियमाच्या शब्दात बसतं. याला उपाय एका ओळीचा आहे: वलय शत्रूच्या जागेत शिरल्याचं डॅमेज फक्त स्पेल टाकणाऱ्याच्या स्वतःच्या टर्नमध्ये. शत्रू स्वतः शिरला किंवा त्याने आत टर्न संपवली, तर ते वेगळं धरा. हीच ओळ कंज्युअर वुडलँड बीइंग्जलाही लावा. 'राउंडला एकदा' असा नियम करू नका. मग शत्रूंना ढकलून वलयात पाडणाऱ्या खेळाडूची मेहनत वाया जाते, आणि ती मेहनत खेळात असायला हवी.

समोरच्याचा स्पेल अडवणाऱ्या काउंटरस्पेलवर थोडं थांबावं लागेल, कारण यावर टेबलं दुभंगली आहेत. जुना नियम: तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल आपोआप रद्द, त्याहून वरचा असेल तर १० अधिक स्पेलची लेव्हल इतक्या डीसीची चाचणी, वरच्या स्लॉटमधून टाकलात तर तितक्या लेव्हलपर्यंत आपोआप. नवा नियम: समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा. चुकला तर स्पेल विरतो, त्याची अ‍ॅक्शन वाया जाते, पण स्लॉट खर्च होत नाही. वरच्या स्लॉटमधून टाकण्यात काही फायदा नाही.

यातली चांगली बाजू आधी. डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) लिचने (मेलेल्या जादूगार राक्षसाने) तुमचा एकुलता एक सातवा स्लॉट काउंटरस्पेलने गिळला की खेळाडूची संध्याकाळ संपायची. आता टर्न गेली तरी स्लॉट हातात राहतो. शिवाय एका टर्नमध्ये एकच स्लॉट खर्च करता येईल हा नवा नियम याला जोडून वाचा. आपल्या टर्नमध्ये स्लॉट वापरून स्पेल टाकणाऱ्याला, तो वाचवायला स्वतःच काउंटरस्पेल टाकता येत नाही. मित्राला येतो. काउंटरस्पेलवर काउंटरस्पेल, त्यावर तिसरा, ही पत्त्यांची उतारी पुष्कळ कमी झाली.

वाईट बाजू कॉन्स्टिट्यूशनची. ही राक्षसांची बळकट आणि विझर्डची कच्ची बाजू. नवव्या लेव्हलच्या, इंटेलिजन्स २०च्या विझर्डचा डीसी १७. लिचचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह +१०, म्हणजे त्याला ७ पडले तरी पुरे, ७० टक्के वेळा तो सुटतो. आणि सेव्ह चुकला तरी लेजंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह जमला असं धरायची सोय) आहेच, कारण आता हा सेव्ह आहे. उलट लिचचा डीसी २०. +२वाल्या विझर्डला १८ पाडायला हवेत, ८५ टक्के वेळा त्याचा स्पेल जातो. रेझिलियंट फीट कॉन्स्टिट्यूशनसाठी घेतली तर नवव्या लेव्हलला +६, आणि वाचण्याची शक्यता १५वरून ३५ टक्के. वॉर कास्टर ही फीट इथे कामाला येत नाही. त्याचा अ‍ॅडव्हांटेज फक्त कॉन्सन्ट्रेशनपुरता आहे. ही चूक टेबलावर सारखी होते. एक छोटी भरपाई आहे: मजकूर फक्त स्लॉट वाचण्याचं बोलतो. ज्या राक्षसांचे स्पेल 'दिवसातून एकदा' अशा हिशेबाने लिहिले आहेत, त्यांचा तो वापर मात्र जातो.

दुसरी तक्रार चवीची आहे, पण मला ती मोठी वाटते. आता तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने साधा मॅजिक मिसाइल आणि सर्वांत वरचा विश दोन्ही थांबवायची शक्यता अगदी सारखीच. आवळा देऊन कोहळा काढायची सोय. जादूगारांच्या द्वंद्वात वजन येतं ते समोरच्यापेक्षा वरचा स्लॉट मोजावा लागतो म्हणून; ते वजनच काढून टाकलं. घरगुती दुरुस्ती अशी: काउंटरस्पेलच्या स्लॉटपेक्षा समोरचा स्पेल जितक्या लेव्हल वरचा, तितका बोनस त्याच्या सेव्हला, स्पेल खालच्या लेव्हलचा असेल तर तितकंच वजा. तिसऱ्या स्लॉटने नवव्या लेव्हलचा स्पेल अडवायचा तर समोरच्याला +६. आकडे लहान राहतात, वरच्या स्लॉटला पुन्हा अर्थ येतो, आणि स्लॉट न जाण्याची चांगली गोष्ट टिकते.

फोर्सकेज आणि सिम्युलॅक्रम या दोन वरच्या लेव्हलच्या स्पेलवर कात्री अगदी जागच्या जागी बसली आहे. शत्रूला पिंजऱ्यात कोंडणाऱ्या फोर्सकेजला आधी कॉन्सन्ट्रेशन नव्हतं आणि १,५०० गोल्डची माणिकपूड एकदा घेतली की कायमची. त्यात सिकनिंग रेडिएन्स (थकवणारा प्रकाश) टाकला की एकटा तेराव्या लेव्हलचा विझर्ड ड्रॅगनलासुद्धा थकवून मारायचा. खेळाडूंमध्ये याला 'मायक्रोवेव्ह' म्हणतात. आता फोर्सकेजला कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि पूड दर वेळी खर्च होते. दोन्ही स्पेल एकट्याने धरता येत नाहीत. जिवाची प्रतिकृती बनवणाऱ्या सिम्युलॅक्रमच्या मजकुरात 'ही प्रतिकृती हा स्पेल टाकू शकत नाही' असं एक वाक्य आलं, तिला शॉर्ट किंवा लाँग रेस्टही (विश्रांतीही) घेता येत नाही, आणि प्रतिकृतीची प्रतिकृती हा अनंत कारखाना बंद पडला. विशच्या वाटेने तो स्पेल नकल करता येतो का, यावर वाद घालणारे भेटतीलच. 'कोणत्याही मार्गाने नाही' हे कॅम्पेनच्या (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेच्या) पहिल्या दिवशी सांगून ठेवा. सतराव्या लेव्हलला सांगायला गेलात तर भांडण ठरलेलं.

मग वॉल ऑफ फोर्स (अदृश्य भिंत) का सोडला, हे मात्र कळत नाही. पाचवी लेव्हल, कॉन्सन्ट्रेशन, दहा मिनिटं. सेव्ह नाही. डॅमेज लागत नाही, डिस्पेल मॅजिक चालत नाही. भिंत मोडायला डिसइंटिग्रेट हाच स्पेल लागतो. १० फूट त्रिज्येचा घुमट टाकून राक्षसांचा म्होरक्या बाजूला काढा, बाकीच्यांना निवांत संपवा, मग घुमट उघडा. मायक्रोवेव्हसुद्धा गेलेला नाही: नवव्या लेव्हलला दोन जादूगार असले की एकाचा घुमट, दुसऱ्याचा सिकनिंग रेडिएन्स. तेराव्या लेव्हलला बंद केलेली पळवाट चार लेव्हल आधीच उघडी आहे.

दुरुस्ती शोधायला लांब जायला नको, त्याच लेव्हलच्या वॉल ऑफ स्टोनमध्ये ती लिहिलेली आहे. चारही बाजूंनी कोंडला जाणार असेल त्या जीवाला डेक्स्टेरिटी सेव्ह. जमला तर रिअ‍ॅक्शन वापरून आपल्या वेगाइतकं हलून बाहेर पडायचं. हे वाक्य उचलून वॉल ऑफ फोर्सला जोडा. अजून कडक हवं असेल तर भिंतीला एचपी द्या, पण अंदाज नीट घ्या. वॉल ऑफ स्टोनच्या सहा इंच जाड पॅनेलला एसी १५ आणि इंचामागे ३०, म्हणजे १८० एचपी असतात. फोर्सच्या भिंतीला ३० किंवा ४० दिलेत तर पहिलाच जायंट एका टर्नमध्ये फोडेल आणि पाचवा स्लॉट पाण्यात. पूर्ण घुमटाला १००च्या आसपास ठेवलं तर दोन ते तीन राउंड टिकतो, आणि आतल्या राक्षसाला आतून काहीतरी करायला मिळतं. मला विचाराल तर फक्त सेव्ह जोडणं पुरेसं आहे. एचपी मोजण्याचा नवा व्याप नको.

शील्ड हा दुसरा सुटलेला मासा. पहिली लेव्हल, रिअ‍ॅक्शन, पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत एसी +५. झगा घातलेल्या एसी १३च्या विझर्डवर +७ने हल्ला करणारा ७५ टक्के वेळा लागतो, शील्डनंतर ५०. तिसरा हिस्सा वाचला, हे योग्यच. पण ढाल आणि चिलखत चढवलेल्या एसी २०च्या फायटर-विझर्डवर तोच हल्ला ४० टक्क्यांवरून १५वर येतो. साठ टक्क्यांहून जास्त फटके हुकले, त्याच पहिल्या स्लॉटमध्ये. ज्याला गरज कमी त्याला फायदा जास्त, हा या स्पेलचा मूळ दोष आहे आणि २०२४च्या मजकुरात तो तसाच आहे. अंगावर चिलखत किंवा हातात ढाल असेल तर +५ऐवजी +२, एवढ्याने भागतं. चिलखताशिवाय लढणाऱ्या ब्लेडसिंगरचा एसी मुळातच जास्त असतो. त्याच्यापुरतं वेगळं ठरवावं लागेल.

पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) डिव्हाइन स्माइटवर, म्हणजे जादा डॅमेजच्या फटक्यावर, उलट प्रकार. तो आता स्पेल आहे, हल्ला लागल्यावर लगेच बोनस अ‍ॅक्शनने टाकायचा. पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन पूर्वी एका टर्नमध्ये दुसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट ओतून ६डी८, सरासरी २७ काढायचा. आता एकदाच, १३.५. एका टर्नमध्ये बॉस लोळवण्याचं प्रमाण कमी व्हायला हवंच होतं. पण एका दाराला तीन कुलपं लावली: बोनस अ‍ॅक्शन, एका टर्नमध्ये एकच स्लॉट, आणि स्पेल असल्यामुळे सायलेन्समध्ये (आवाज बंद करणाऱ्या स्पेलमध्ये) किंवा समोरच्याच्या काउंटरस्पेलपुढे गप्प. रेजमधल्या (रागाने पेटलेल्या) बार्बेरियनला स्पेल टाकता येत नाहीत, त्यामुळे पॅलाडिन-बार्बेरियन ही जोडीही मोडली. स्माइटला स्पेल न मानता, टर्नला एकदा आणि बोनस अ‍ॅक्शनशिवाय ठेवलं तरी आकडे ताब्यात राहतात.

स्लीपमधला बदल नवख्या डीएमला आवडेल. आधी ५डी८, म्हणजे सरासरी २२.५ एचपीचे शत्रू सेव्हशिवाय झोपायचे; ७ एचपीचे तीन गॉब्लिन पहिल्या लेव्हलला गारद आणि पाचव्या लेव्हलला स्पेल रद्दी. आता ५ फूट त्रिज्या, विज्डम सेव्ह, चुकला तर पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत इनकॅपॅसिटेटेड (काहीच करू न शकणारा), मग दुसरा सेव्ह, तोही चुकला तरच बेशुद्ध. निम्म्या वेळा चुकणारा शत्रू चारात एकदाच झोपतो, पण एक टर्न निम्म्या वेळा घालवतो, आणि हे दहाव्या लेव्हलच्या राक्षसावरही चालतं. पॉलिमॉर्फ आता नव्या रूपाचे एचपी टेम्पररी म्हणून देतो. ते संपले की स्पेल संपतो. मधे औषध पाजून एपचे एचपी भरता येत नाहीत. अ‍ॅनिमेट ऑब्जेक्ट्समध्ये जिवंत केलेल्या दहा नाण्यांचा थवा आता नाही. जितका स्पेलकास्टिंग मॉडिफायर (जादूच्या गुणाचा बोनस) तितक्याच वस्तू, मोठ्या वस्तू दोन किंवा तीन म्हणून मोजायच्या. पुन्हा तेच, फासे कमी.

हीलिंगला हात सैल सोडला आहे आणि तो सोडायलाच हवा होता. क्युअर वून्ड्स १डी८वरून २डी८, हीलिंग वर्ड १डी४वरून २डी४, मास क्युअर वून्ड्स ३डी८वरून ५डी८. तरीही शून्यावर पडलेल्याला हीलिंग वर्डने उठवायचं, तो पुन्हा पडायचा, पुन्हा उठवायचं, हा झोका थांबलेला नाही. कारण ९ एचपी मिळाले काय किंवा साडेसहा, राक्षसाच्या एका फटक्यात दोन्ही जातात.

मराठीत खेळणाऱ्या टेबलांसाठी दोन स्पेल वेगळे सांगण्यासारखे आहेत. सजेशनमधली सूचना २५ शब्दांच्या आत हवी, आणि आता ती 'शहाणपणाची' वाटण्याऐवजी 'करता येण्यासारखी' वाटली आणि उघडपणे इजा करणारी नसली की झालं. विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटत असल्यामुळे मराठीत २५ शब्दांत बरंच मावतं. 'तळघराच्या कुलपाची किल्ली घेऊन ये आणि माझ्या हातात दे' हे नऊ शब्द. धूर्त बार्ड तीन अटी आणि एक अपवाद सहज बसवेल, तेव्हा शब्द मोजण्यापेक्षा 'एक वाक्य, एक काम' असा नियम ठेवा. कमांडमध्ये आता पाचच पर्याय आहेत: जवळ ये, टाक, पळ, लोटांगण घाल, थांब. 'उतरव', 'कबूल कर' असल्या मोकळ्या आज्ञांवर होणारा दहा मिनिटांचा काथ्याकूट गेला, आणि त्याबरोबर थोडी गंमतही.

कँट्रिपमध्ये (स्लॉट न लागणाऱ्या स्पेलमध्ये) ट्रू स्ट्राइक पहिल्यांदाच घेण्यासारखा झाला: शस्त्राचा हल्ला स्पेलकास्टिंगच्या अ‍ॅबिलिटीने, आणि पाचव्या, अकराव्या, सतराव्या लेव्हलला १डी६ ते ३डी६ जादा. चिल टचची रेंज १२० फुटांवरून थेट स्पर्शावर आली आणि डॅमेज १डी८वरून १डी१०. नाव आणि काम अखेर जुळलं. फायरबॉल तसाच आहे. डंजन मास्टर्स गाइडच्या वरच्याच कोष्टकात तिसऱ्या लेव्हलच्या सामूहिक स्पेलला ६डी६ आहेत आणि हा ८डी६, पण त्याला हात लावला असता तर लोकांनी पुस्तक फेकलं असतं.

मांडणीबद्दल थोडक्यात. प्रत्येक स्पेलच्या नावाखालीच तो कोणत्या क्लासेसचा हे छापलं आहे. पानं उलटणं निम्म्याने वाचतं. वरच्या स्लॉटचा परिणाम वेगळ्या ठळक शीर्षकाखाली. इमॅनेशन, इनकॅपॅसिटेटेड यांच्या व्याख्या मागच्या शब्दसूचीत आहेत आणि स्पेल वाचताना ती उघडी ठेवावीच लागते; स्पिरिट गार्डियन्सचा अर्धा अर्थ तिथे आहे. स्पेल प्रकरणासाठीच पुस्तक घ्यायचा विचार असेल तर आधी एसआरडी ५.२ ही मूळ नियमांची संहिता उतरवून घ्या. ती क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे, आणि काउंटरस्पेल, फोर्सकेज, सिम्युलॅक्रम यांचे नवे मजकूर तिच्यात आहेत.

चालू कॅम्पेनमध्ये नवे स्पेल आणायचे तर लढाईच्या मधोमध किंवा एकेक करून आणू नका. लाँग रेस्टला सगळे एकदम बदला आणि ज्याच्या यादीत कंज्युअर अ‍ॅनिमल्स, काउंटरस्पेल किंवा अ‍ॅनिमेट ऑब्जेक्ट्स असतील त्याला ते बदलून दुसरे घ्यायची एक संधी द्या. जुन्या पुरवणी पुस्तकांतले जे स्पेल नव्या हँडबुकात नाहीत, ते जुन्याच मजकुराने चालतात; सिकनिंग रेडिएन्स त्यातलाच. छापील प्रत घेताना, विशेषतः कुणाची वापरलेली घेत असाल तर, कंज्युअर मायनर एलिमेंटल्सचं पान उघडा आणि शेवटची ओळ वाचा. तिथे वरच्या स्लॉटला २डी८ असतील तर प्रत शुद्धिपत्राच्या आधीची आहे. पेन्सिलीने १डी८ करून घ्या.